जो डिमॅजिओ काय बोलला नाही

१९४२ साली जो डिमॅजिओ हे अमेरिकेतल्या सर्वांत परिचित नावांपैकी एक नाव होतं. आदल्याच उन्हाळ्यात त्याने बेसबॉलमधला एक अशक्य वाटणारा विक्रम केला होता आणि त्याच्यावर रचलेलं गाणं रेडिओवर वाजत होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर, म्हणजे कोळ्यांच्या धक्क्यावर, त्याच्या नावाचं रेस्टॉरंट होतं. पण त्या रेस्टॉरंटमध्ये पाऊल ठेवायला त्याच्या वडिलांना मनाई होती. सिसिलीतल्या इसोला देल्ले फेम्मिने या कोळीवाड्यातून आलेले जुझेप्पे डिमॅजिओ कित्येक दशकं त्याच खाडीत मासेमारी करून नऊ मुलांचं पोट भरत आले होते. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी घेतलेलं नव्हतं. इटलीशी युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्यासारख्या सुमारे सहा लाख इटालियनांची नोंद 'शत्रुदेशाचे नागरिक' अशी झाली. खिशात सरकारी ओळखपुस्तिका बाळगायची, घरापासून पाच मैलांपलीकडे जायचं तर परवानगी काढायची, आणि किनाऱ्याकडे फिरकायचं नाही.

फेब्रुवारी १९४२मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे एका स्थानिक वकिलाने डिमॅजिओ कुटुंबाचंच उदाहरण दिलं. ज्यांचे तीन मुलगे मेजर लीगमध्ये खेळतात, त्या आईबापांना आपण घराबाहेर काढणार का, असा त्याचा प्रश्न होता. ऑक्टोबरमध्ये इटालियनांवरचे निर्बंध उठले. जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांसाठी असं बोलणारे फारच थोडे होते, ती छावण्यांतच राहिली. पुढच्या फेब्रुवारीत जो लष्करात भरती झाला. वडिलांच्या वाट्याला आलेल्या अपमानाचा त्याने जाहीर मुद्दा कधी केला नाही.

या न बोलण्याला अमेरिकेने पुढची साठ वर्षं भारदस्तपणा म्हटलं. डिमॅजिओबद्दल गेली काही वर्षं मिळेल ते वाचताना मला वारंवार जाणवत गेलं, की त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट गोष्टी आणि सर्वांत चांगल्या गोष्टी या एकाच मौनाच्या पडद्याआड दडल्या आहेत. एकीसाठी पडदा सारला की दुसरीही दिसायला लागते. म्हणूनच त्याचं कौतुक करणाऱ्यांना आणि त्याचे वाभाडे काढणाऱ्यांनाही तो पुरता हाती लागत नाही.

आधी खेळ. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणारा, खेळाडू थोर समजला जातो, म्हणजे सात वेळा अपयश गृहीतच असतं. एका सामन्यात बॅटरला जेमतेम चार-पाच संधी मिळतात. अशा खेळात १५ मे ते १६ जुलै १९४१ या दोन महिन्यांत डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत, प्रत्येक सामन्यात निदान एक, हिट मारली. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७ हजारांवर प्रेक्षकांसमोर ही मालिका तुटली. तीही तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोनदा अफलातून चेंडू अडवले म्हणून. दुसऱ्या दिवसापासून जोने पुन्हा सलग १६ सामन्यांत हिट मारली. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी बेसबॉलमधल्या साऱ्या मालिका संभाव्यतेच्या गणिताने तपासल्या. बाकीच्या सगळ्या योगायोगाच्या हिशोबात बसल्या, ही एकटी बसली नाही. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी त्यावर सुंदर निबंध लिहिला आहे. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनच्या ९९.९४च्या सरासरीबद्दल आपण ज्या स्वरात बोलतो, त्याच स्वरात अमेरिकन माणूस '५६' म्हणतो. १९७८मध्ये पीट रोझ ४४पर्यंत पोचला. त्यापुढे आजवर कोणी गेलेलं नाही.

आणखी एक आकडा मला त्याहून बोलका वाटतो. तेरा मोसमांत डिमॅजिओने ३६१ होम रन मारले आणि तो केवळ ३६९ वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू टोलवता न आल्याने बाद, झाला. जोरात बॅट फिरवणारे सहसा चुकतातही भरपूर, हा माणूस चुकत नसे. सेंटर फील्डमध्ये तो धावताना दिसतच नाही, चेंडू पडेल तिथे आधीच उभा असतो, असं प्रेक्षक म्हणत. त्या तेरा मोसमांत त्याच्या संघाने, न्यूयॉर्क यांकीजने, नऊ वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. काहीही कष्ट न पडता सगळं जमतंय असं दिसलं पाहिजे, यासाठी तो माणूस आतून किती झिजत होता हे त्याच्या अल्सरवरून आणि टाचेच्या वाढलेल्या हाडावरून कळतं. घाम गाळताना कोणी आपल्याला पाहू नये, हा त्याचा खेळाचा नियम होता. पुढे तोच जगण्याचाही झाला.

तो मुळात लाजरा, अर्धवट शिकलेला मुलगा. माशांच्या वासाने त्याला मळमळायचं, होडीवर जायचा कंटाळा यायचा आणि वडील त्याला आळशी, बिनकामाचा म्हणायचे. १९३६मध्ये यांकीजच्या सराव शिबिरासाठी टोनी लाझेरी आणि फ्रँकी क्रोसेटी या दोन इटालियन सहकाऱ्यांबरोबर मोटारीने तो कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला निघाला. तिघंही अबोल. खूप अंतर कापून झाल्यावर लाझेरीने त्याला थोडा वेळ चाक घे म्हटलं, तेव्हा जोने सांगितलं की आपल्याला गाडी चालवता येत नाही. पहिल्यांदा एका बातमीदाराने 'कोट' मागितला तेव्हा ते एखादं थंड पेय असावं असं आपल्याला वाटलं, हा किस्सा तर त्यानेच सांगितलेला.

या बुजरेपणातून देवत्व कसं घडलं? त्या काळी क्रीडापत्रकार संघाबरोबर त्याच आगगाडीतून फिरत, त्याच हॉटेलांत उतरत, आणि बऱ्याचदा तो खर्च संघच करी. जिमी कॅननसारखा न्यूयॉर्कचा मोठा स्तंभलेखक तर जोचा रात्रीचा सोबती. मॅनहॅटनमध्ये टूट्स शोरच्या रेस्टॉरंटात जोचं टेबल ठरलेलं असे, आणि त्याला कोणी त्रास देऊ नये याची काळजी खुद्द मालक घेई. तिथे जे दिसे, ते छापलं जात नसे. मला यात कट वगैरे दिसत नाही. त्या माणसांना जो मनापासून आवडत होता, आणि आवडत्या माणसाच्या घरातलं बाहेर न काढणं त्यांना सभ्यपणा वाटत होता. पण वाचकाच्या हाती त्यातून जे आलं ते अर्धंच होतं.

आणि ते अर्धंही सुरुवातीला त्याच्या मुळांची माफी मागत लिहिलं जाई. 'लाइफ' साप्ताहिकाने मे १९३९मध्ये त्याच्यावर लेख छापला. त्यात गौरव म्हणून लिहिलं होतं, की हा तरुण केसांना ऑलिव्ह तेल चोपडत नाही, त्याच्या अंगाला लसणाचा वास येत नाही आणि स्पॅगेटीपेक्षा त्याला चिकन चाउमीन आवडतं. म्हणजे इटालियन असूनही चांगला! कोट्यवधी स्थलांतरितांना त्याच्यात आपली मुलं दिसत होती. मापाने शिवलेला सूट, कमी शब्द, आवाज न चढवणं, हे सगळं त्या नजरेला दिलेलं उत्तर होतं असं मला वाटतं. ज्याच्या जातकुळीकडे लोक नाक मुरडतात, त्याला एकही डाग परवडत नाही. मात्र पैशाबाबत तो पहिल्यापासून गप्प बसणारा नव्हता. १९३८मध्ये त्याने ४० हजार डॉलर मागितले. मालक जेकब रुपर्ट २५ हजारांवर अडून बसले. जो खेळायला आलाच नाही, आणि शेवटी २५ हजारांवर परतला तेव्हा मंदीने पिचलेल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ती हुर्यो तो विसरला नाही.

घरच्या आघाडीवर काय चाललं होतं? १९ नोव्हेंबर १९३९ला सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीचमधल्या सेंट्स पीटर अँड पॉल चर्चमध्ये त्याने डोरोथी अर्नल्ड या अभिनेत्रीशी लग्न केलं. चर्चबाहेर इतकी गर्दी, की वऱ्हाडालाच आत शिरणं कठीण झालं. डोरोथीने सिनेमा सोडला. जोने टूट्स शोरचं टेबल सोडलं नाही. ऑक्टोबर १९४१मध्ये, विक्रमाच्याच वर्षी, मुलगा झाला, धाकटा जो. १९४४मध्ये घटस्फोट झाला.

धाकटा भाऊ डॉम बोस्टन रेड सॉक्सचा सेंटर फील्डर होता, चष्मा लावणारा आणि अतिशय हुशार खेळाडू. १९४९मध्ये त्याने सलग ३४ सामन्यांत हिट मारली. पस्तिसाव्या सामन्यात प्रतिस्पर्धी होते यांकीज. डॉमने मारलेला शेवटचा जोरकस फटका सेंटर फील्डमध्ये पुढे झेपावून झेलला तो जोने, आणि भावाची मालिका भावाच्या हातात संपली. त्यात गैर काहीच नाही, खेळ तसाच खेळायचा असतो. पण मैदानाबाहेरही दोघा भावांमध्ये आयुष्यभर अंतर राहिलं.

१९५१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दुसऱ्या सामन्यात विली मेजने मारलेला उंच चेंडू झेलायला मिकी मँटल हा यांकीजचाच एकोणीस वर्षांचा नवखा पोरगा उजवीकडून धावत आला. अगदी शेवटच्या क्षणी जोने चेंडू आपला असल्याची हाक दिली. मँटल जागच्या जागी थांबला, त्याचा पाय मैदानातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात अडकला आणि गुडघा कायमचा अधू झाला. त्याच डिसेंबरमध्ये जो निवृत्त झाला. 'लाइफ'ने प्रतिस्पर्धी संघाचा एक गुप्त अहवाल छापला होता आणि त्यात या माणसाला आता फेकता येत नाही, धावता येत नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. एक लाख डॉलरचा पुढचा करार समोर होता. लोकांना ठाऊक असलेला डिमॅजिओ आपल्याकडून आता होणार नाही, म्हणून तो थांबला. इथे त्याचा अभिमान मला निखळ वाटतो.

आता मेरिलिन मन्रो. १९५२मध्ये लॉस एंजलिसमधल्या एका इटालियन रेस्टॉरंटात त्यांची भेट ठरवून घडवली गेली. तो सदतीस वर्षांचा, ती पंचवीस. तो नुकताच प्रकाशातून बाहेर पडलेला, ती नुकतीच त्यात शिरत होती. १४ जानेवारी १९५४ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये लग्न झालं. मधुचंद्राला ते जपानला गेले, जिथे बेसबॉलचं वेड जुनं होतं. पण विमानतळावरची गर्दी तिच्या नावाने ओरडत होती. तिथून ती एकटीच कोरियाला गेली आणि कडाक्याच्या थंडीत, उघड्या व्यासपीठावर, चार दिवसांत एक लाखावर सैनिकांसमोर गायली. परत आल्यावर तिने उत्साहाने सांगितलं की असा जल्लोष तू कधी ऐकला नसशील. ऐकला आहे, एवढंच तो म्हणाला. हा संवाद गे टलीज या पत्रकाराने नोंदवला आहे. तिच्या आनंदाला त्या क्षणी त्याच्याकडून दुसरं काही मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१५ सप्टेंबर १९५४च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवर 'द सेव्हन इयर इच'चं चित्रीकरण होतं. भुयारी रेल्वेच्या जाळीवर पांढरा ड्रेस वाऱ्याने उडतो ते दृश्य जगभर पोचलं. ते पुन्हापुन्हा चित्रित होत असताना बघ्यांचा जमाव ओरडत होता, आणि त्या जमावात तिचा नवराही उभा होता. वॉल्टर विंचेल या गॉसिप स्तंभलेखकाने त्याला तिथे आणलं होतं. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मोठं भांडण झालं. सकाळी तिच्या अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या, असं तिच्या जवळच्या माणसांनी नंतर सांगितलं. सहा आठवड्यांत घटस्फोटाचा निकाल लागला. कोर्टात तिने मारहाणीचा उल्लेख केला नाही. तो दिवसेंदिवस बोलत नसे, माणसं घरी येऊ देत नसे, प्रेमाची अपेक्षा केली तर थंडपणा मिळे, असं ती म्हणाली. मैदानावर ज्याला भारदस्तपणा म्हटलं गेलं, घरात त्याचंच नाव मानसिक क्रौर्य पडलं.

याला मी त्या काळाचे पुरुष असेच असायचे म्हणून सोडून देऊ शकत नाही. घटस्फोटानंतर नऊच दिवसांनी, ५ नोव्हेंबरच्या रात्री, तो आणि गायक फ्रँक सिनात्रा खासगी गुप्तहेरांसह तिला रंगेहाथ पकडायला निघाले. त्या मंडळींनी दार फोडलं ते भलत्याच घराचं. आत एकटी झोपलेली एक अनोळखी बाई भेदरून किंचाळत उठली. पुढे तिने दावा लावला आणि पैसे देऊन तो मिटवावा लागला. १९५७मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटच्या समितीने या प्रकाराची चौकशीही केली. तरी प्रतिमेला म्हणण्यासारखा तडा गेला नाही. जोने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं नाही, आणि त्याच्यासाठी तेवढं पुरलं.

पण याच माणसाने सहा वर्षांनी जे केलं तेही तितकंच खरं आहे. फेब्रुवारी १९६१मध्ये मन्रोला न्यूयॉर्कच्या पेन व्हिटनी मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. विश्रांतीसाठी जातोय असं समजून गेलेली ती कुलूपबंद खोलीत सापडली. तिच्या विनवण्या कोणी ऐकेनात. तेव्हा तिसरा नवरा आर्थर मिलरपासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या त्या बाईने फोन केला तो डिमॅजिओला. तो फ्लोरिडाहून तडक आला आणि रुग्णालयाची वीट न वीट काढीन असं बजावून तिला सोडवून घेऊन गेला. तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, बरं वाटल्यावर फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. तिच्याकडे तेव्हा मित्र होते, डॉक्टर होते, स्टुडिओ होता. धावून येईल याची खात्री मात्र एकाचीच होती, आणि तो तोच होता ज्याच्या घरात तिला भीती वाटली होती. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही तशाच ठेवून वाचाव्या लागतात.

५ ऑगस्ट १९६२ला ती गेली. अंत्यविधीची जबाबदारी डिमॅजिओने घेतली आणि हॉलिवूडला दारातच अडवलं. सिनात्रा नाही, अभिनेता पीटर लॉफर्ड नाही, स्टुडिओचे साहेब नाहीत. मोजकी तीसेक माणसं. पुढची वीस वर्षं तिच्या थडग्यावर आठवड्यातून अनेकदा ताजे लाल गुलाब त्याच्या सांगण्यावरून ठेवले जात. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. तिच्याबद्दल पुस्तक लिहा म्हणून किती प्रकाशक मागे लागले, तिला ओळखणाऱ्या कितीजणांनी आठवणी विकल्या. याने एक शब्द विकला नाही. १९६५मध्ये यांकी स्टेडियमवर मँटलच्या गौरवसमारंभात मन्रोशी ज्यांचं नाव जोडलं जाई ते सिनेटर रॉबर्ट केनेडी सर्वांशी हात मिळवत आले, तेव्हा जो एक पाऊल मागे सरकला. बस, एवढीच त्याची प्रतिक्रिया.

१९६६मध्ये टलीजने 'एस्क्वायर'मध्ये त्याच्यावर जो दीर्घ लेख लिहिला, तो आजही पत्रकारितेच्या वर्गांत वाचला जातो. पत्रकाराला पाहून संतापणारा, मग हळूहळू निवळणारा, धक्क्यावरच्या रेस्टॉरंटात मित्रांच्या कड्यात बसून राहणारा एकाकी माणूस त्यात दिसतो. दोन वर्षांनी पॉल सायमनच्या 'मिसेस रॉबिन्सन' या गाण्यात त्याचं नाव आलं. तो कुठे गेला, असं त्यात हळहळून विचारलं होतं. डिमॅजिओ बुचकळ्यात पडला. पुढे सायमन त्याला भेटला तेव्हा त्याने सरळ विचारलं, की मी तर कॉफी यंत्राची जाहिरात करतो, बँकेची जाहिरात करतो, मी कुठे गेलो? सायमनने त्याला समजावलं की ते अक्षरशः घ्यायचं नसतं, तू आमच्यासाठी हरवलेल्या नायकांचं प्रतीक आहेस. त्याला ते कितपत पटलं कोण जाणे. तो जिवंत होता, सूट घालून टीव्हीवर 'मिस्टर कॉफी' विकत होता, आणि लोक त्याच्या स्मारकाशीच बोलत होते.

स्मारकाची राखण मग त्याने स्वतःही केली. १९६९मध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त त्याला हयात खेळाडूंमध्ये सर्वश्रेष्ठ निवडलं गेलं. त्यानंतर प्रत्येक समारंभात आपली ओळख याच शब्दांत आणि सर्वांत शेवटी करून दिली पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. ऐंशीच्या दशकात जुन्या खेळाडूंच्या सह्यांचा बाजार तेजीत आला. त्याने चेंडूंवर, फोटोंवर हजारो सह्या केल्या, आणि काय सही करणार, काय नाही, याचे काटेकोर नियम घालून दिले. ज्या माणसाने सर्वांत मौल्यवान आठवण फुकटही दिली नाही, तो स्वतःचं नाव मात्र नगाप्रमाणे विकत होता. दुसरीकडे फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरात १९९२मध्ये मुलांचं रुग्णालय त्याच्या नावाने उभं राहिलं. तिथे तो जाई, आजारी मुलांच्या खाटांशी बसे. ८ मार्च १९९९ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला.

पुढच्याच वर्षी रिचर्ड बेन क्रेमर यांचं जाडजूड चरित्र आलं. मारझोड, माफियांशी लागेबांधे, पैशाची हाव, घरच्यांशी तुटलेपण, सगळं त्यात होतं. अनेक चाहते दुखावले. त्यातले काही आरोप ऐकीव जबान्यांवर उभे आहेत आणि मी ते इथे घेतलेले नाहीत. पण जिमी कॅननच्या पिढीने जे पाहून लिहिलं नाही, त्याची थकबाकी एका पुस्तकात वसूल होताना ते जरा निर्दय होणारच होतं. क्रेमरच्या पुस्तकात खलनायक शोधणाऱ्यांना तो सापडतो. मला त्यात सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते मुलाने.

सप्टेंबर १९४६मध्ये 'स्पोर्ट' मासिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर यांकीजच्या गणवेशातला जो आणि त्याच्याजवळ जवळजवळ पाच वर्षांचा धाकटा जो. त्या फोटोतलं पोर पुढे वसतिगृहांच्या शाळांत वाढलं. येल विद्यापीठ त्याने अर्ध्यावर सोडलं, मरीन दलात गेला. सावत्र आईशी त्याचं गूळपीठ होतं. आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळी मन्रो त्याच्याशीच फोनवर हसून-खेळून बोलली होती. बापलेकांमध्ये नंतर वर्षानुवर्षं बोलणं जवळपास बंद झालं. धाकटा जो दारू आणि नशेत गुरफटला. उत्तर कॅलिफोर्नियात भंगाराच्या आवारात काम करत तो एकटा राहत होता. पत्रकार शोधत आले तर तोही फारसं बोलत नसे.

११ मार्च १९९९ला नॉर्थ बीचच्या त्याच चर्चमध्ये, जिथे आईवडिलांचं लग्न झालं होतं, त्याने इतरांबरोबर बापाच्या शवपेटीला खांदा दिला. बाहेर रस्त्यावर गर्दी होती, आत घरची मंडळी तेवढी. डॉमने भावाबद्दल चार शब्द सांगितले. आयुष्यात जोला सगळं मिळालं, जन्माची जोडीदारीण मात्र मिळाली नाही, अशा आशयाचं काही तो बोलला. मुलगा बोलला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मन्रोच्या स्मृतिदिनानंतर एका दिवसाने, सत्तावन्नाव्या वर्षी तोही गेला.